फ्रान्सिस मामांचं इंग्रजी

फ्रान्सिस मामांचं इंग्रजी वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ते वेगळ्या कामासाठी घडलेलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्यात बसची कंडक्टरकी केली. या रस्त्यावर माणूस आधी आपापल्या भाषेत भांडतो, तिथे हरला की हिंदीत भांडतो, आणि हिंदीतही हरला की इंग्रजीवर येतो. त्यामुळे मामांना इंग्रजी कायम भांडणाच्या शेवटच्या टप्प्यातच भेटलं. त्यांच्याकडची वाक्यंही तशीच. 'यू कंप्लेन, आय गिव्ह यू माय नंबर.' 'नो चेंज, नो सीट.' 'आय अ‍ॅम ऑन ड्युटी, यू आर नॉट.'

हे इंग्रजी घेऊन मामा तीन आठवडे कंबोडियाला गेले. इंग्रजी शिकवायला. आणि त्यांच्यासोबत मी गेले, जिला एवढंही येत नव्हतं.

मरोळच्या आमच्या चर्चमधून दर वर्षी एक गट असा मिशनला जातो. जाणारे नेहमी इंग्लिश मिसाचे, म्हणजे रविवारच्या इंग्रजी उपासनेला येणारे लोक. रविवारी सकाळी सातचा मराठी मिसा आमचा, म्हणजे गावठाणातल्या ईस्ट इंडियन, मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांचा. त्याला पंचवीस-तीस माणसं आणि एक कुत्रा असतो. नवीन फादर आले आणि म्हणाले, यंदा मराठीवाल्यांतलेही दोघं जातील, कोण तयार आहे? सगळे बुटांकडे बघायला लागले. मामांनी हात वर केला. मग तोच हात खाली आणून माझ्याकडे दाखवला. मी तेव्हा वेदीवरच्या फुलांची बादली रिकामी करायला चालले होते.

"ही पण येते. कॉलेजात आहे."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा साकीनाक्याला लेथवर काम करतात. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते आणि कॉलेजात इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून मान हलवत होते. मिसा संपल्यावर मी मामांना गाठलं.

"मामा, मला कुठे येतं इंग्रजी?"

"त्यांना तरी कुठे येतं? म्हणून तर चाललोय ना गो बाय."

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. गावठाणात ते सगळ्यांचेच मामा. उंच, पोट नाही, खांदे थोडे पुढे झुकलेले. ते बसत नसत. मिसाच्या वेळी बाक रिकामे असले तरी तिसऱ्या खांबाला कंबर टेकवून, पाय फाकवून उभे. कुणी म्हटलं बसा, तर म्हणायचे, "उभं राहून पगार घेतला, आता बसलो तर झोप लागते. मग फादरचं प्रवचन वाया जातं." खरं तर ते उभ्यानेही झोपत.

देवाशी त्यांचं नातं सरळ होतं. "वरचे साहेब म्हणजे डेपो मॅनेजर. दिसत नाहीत, पण ड्युटी लावतात." फादर हे ऐकून हसले होते आणि नंतर पहिल्या कम्युनियनसाठी शिकायला येणाऱ्या मुलांसमोर असं बोलू नका म्हणाले होते. मामांची प्रार्थना एका ओळीची होती. "येशू बाबा, आजचं बघ." उद्याचं ते उद्या सांगत.

आमच्या गटाचे प्रमुख ग्लेन सर. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मनाने चांगले, पण प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक करायचे आणि त्यावर प्लास्टिकही चढवायचे. त्यांनी जाण्याआधी सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या. मामांना विचारलं, "अंकल, तुम्हाला शिकवावंसं का वाटतं?"

मामा म्हणाले, "थर्टी वन इयर्स आय टेल पीपल व्हेअर टू गेट डाऊन. नाऊ आय विल टेल समथिंग एल्स."

ग्लेन सरांनी बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं. मामांना वाटलं, वाक्य लिहून घेतलं.

तिकडच्या विमानतळावर आम्हाला तासभर अडवून ठेवलं, ते मामांच्या बाटली मसाल्यामुळे. आमच्यात वर्षाचा मसाला बियरच्या बाटलीत ठोकून भरतात, म्हणून तो बाटली मसाला. मामांच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळलेल्या अशा दोन बाटल्या निघाल्या, आत लाल पूड. अधिकारी एकदा बाटलीकडे बघे, एकदा आमच्या शर्टांवरच्या क्रुसाकडे. ग्लेन सर डोळे मिटून उभे राहिले. मामांनी बूच काढलं, चिमूटभर मसाला त्या माणसाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "यू ईट. यू डाय, आय स्टे हिअर."

त्याने चाटला. त्याचे डोळे भरून आले. तो पाच मिनिटं खोकला, मग हाताने आम्हाला जा म्हणाला. एक बाटली मात्र ठेवून घेतली.

"आवडला असणार," मामा बाहेर येऊन म्हणाले.

आम्ही ज्या गावात राहिलो ते एका रुंद नदीच्या काठी होतं. लाकडी खांबांवर उभी असलेली चर्चची शाळा, खाली कोंबड्या. सकाळी लहान मुलं यायची, संध्याकाळी मोठी माणसं. तिथे गुरुजींना 'लोक क्रू' म्हणतात. पहिल्या संध्याकाळी वर्गातल्या वीस माणसांनी उठून हात जोडले आणि एका आवाजात मामांना लोक क्रू म्हटलं. मामांनी तिथल्या, मूळच्या गोव्याच्या सिस्टरला अर्थ विचारला. तिने सांगितला. मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खिशात खडू असल्यासारखा खिसा चाचपला. इतकी वर्षं त्यांना 'ओ कंडक्टर', 'ओ शुक शुक' एवढंच ऐकायची सवय.

त्या वीस जणांत चांथा होती. अडतीस वर्षांची, बारीक, कुणाशीही बोलताना आधी हात जोडणारी. पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटींची तिकिटं ती घाटावर विकायची. बेटावर परदेशी पर्यटक सायकली घेऊन जायला लागले होते, म्हणून एका नवीन कंपनीने सगळ्या बोटी घेतल्या होत्या. कंपनीने सांगितलं होतं, आता तिकिटं बोटीवरच द्यायची आणि ज्या बायकांना इंग्रजी बोलता येईल त्यांनाच ठेवणार. परीक्षा आमच्या तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी. चांथाचा नवरा थायलंडला कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. काम सुटलं तर दोन मुलींना आईकडे ठेवून तिला राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात जावं लागणार होतं. तिथे गेलेल्या बायका वर्षातून एकदा घरी येतात. सिस्टरने हे आम्हाला अगदी सहज सांगितलं, पत्ता सांगावा तसं.

ग्लेन सरांच्या वेळापत्रकात पहिल्या आठवड्यात रंग आणि प्राणी होते. चांथा मन लावून शिकली. चौथ्या दिवशी ती हात जोडून म्हणाली, "मंकी इज ब्राऊन."

मामांनी खडू खाली ठेवला. "बोटीत माकडं येतात काय गो?" त्यांनी मला विचारलं.

त्या रात्री जेवताना ते ग्लेन सरांना म्हणाले, "त्या चांथाला मी वेगळं शिकवतो. तिकिटाचं इंग्रजी. ते मला येतं."

"अंकल, आपण नोकरी लावून द्यायला नाही आलो," ग्लेन सर शांतपणे म्हणाले. "आपण इथे देवाच्या प्रेमाची साक्ष द्यायला आलोय."

"हां, मग साक्षीदाराने आधी डोळे उघडून बघायला नको, काय चाललंय ते?"

ग्लेन सरांनी भात चिवडला. मग म्हणाले, ठीक आहे, पण वर्ग संपल्यानंतर.

पुढचे बारा दिवस वर्ग संपला की मामा दोन बाकांच्या मध्ये बोटीसारखी वाट करायचे. मी, सिस्टर आणि दोन-तीन बायका प्रवासी व्हायचो. चांथा मधून फिरायची. मामांनी तिला सगळं दिलं जे त्यांच्याकडे होतं. सुट्टे नसलेल्याशी कसं बोलायचं, दारात उभं राहणाऱ्याशी कसं, 'आत्ताच काढतो' म्हणून खिडकीबाहेर बघत राहणाऱ्याशी कसं. हात कमरेवर. भुवई अशी. आवाज पोटातून.

"पॅसेंजर म्हणजे देव नाही गो. पॅसेंजर म्हणजे चोर. जोपर्यंत तिकीट काढत नाही तोपर्यंत चोर. तिकीट काढलं की मग देव."

सिस्टरने हे कितपत भाषांतर केलं कुणास ठाऊक. पण चांथा शिकत होती. पहिले दोन दिवस तिचा आवाजच फुटेना. तिसऱ्या दिवशी ती माझ्यावर ओरडली, "नो चेंज, गेट डाऊन!" आणि लगेच तोंडावर हात ठेवून घाबरली. मामांनी टाळ्या वाजवल्या. "झकास! अजून जोरात!"

तेव्हा माझ्या मनात एकदा आलं, की हे जरा जास्त होतंय का. पण मी बोलले नाही. मलाही इंग्रजी असंच माहीत होतं. बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात, माझ्याशी जे कुणी इंग्रजीत बोललं ते आठ्या घालूनच. इंग्रजी म्हणजे वरून खाली येणारी भाषा, असंच मला वाटायचं. आणि चांथाला इंग्रजी पहिल्यांदा भेटत होतं ते मामांच्या तोंडून. तिला वाटलं, ही भाषा बोलायची पद्धतच अशी आहे.

शुक्रवारी मी आणि मामा घाटावर गेलो. कंपनीचं ऑफिस म्हणजे काचेची एक खोली. परीक्षा घेणारी बाई पर्यटक होऊन बसली होती, शेजारी तरुण मॅनेजर. बायका एकेक करून आत जात होत्या, आम्ही काचेबाहेर. चांथाचा नंबर आला. तिने दारात हात जोडले. मग जोडलेले हात सोडून कमरेवर ठेवले.

बाईने हसून विचारलं, तिकिटात काही सूट मिळेल का?

चांथाने भुवई वर केली. बाहेर आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "यू वाँट डिस्काउंट? यू स्विम!"

बाईचं हसू गेलं. तिने नीट, हळू विचारलं, बेटावर पोहोचायला किती वेळ लागतो?

"आय अ‍ॅम ऑन ड्युटी," चांथा गरजली. "यू आर नॉट!"

एकही शब्द अडखळला नव्हता. मामांच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला. मग बाईने कागदावर आडवी रेघ मारली, आणि तो अभिमान कुठे ठेवावा हे मामांना कळेना.

चांथा बाहेर आली. तिला वाटत होतं छान झालं. मॅनेजरने दारात येऊन तिला त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. ती खाली बघत राहिली. मग मामांकडे वळून तिने हात जोडले, "थँक यू, लोक क्रू," म्हणाली, आणि घाटाच्या पायऱ्या उतरून गेली.

"वाट लावली मी तिची," मामा म्हणाले.

शाळेत आल्यावर मामांनी ग्लेन सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, सर आता सुनावतील. ते म्हणाले, "अंकल, मी येतो. मी त्या मॅनेजरशी बोलतो. नीट समजावून सांगतो."

"नको साहेब. चूक माझी आहे, माझ्याच इंग्रजीत सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी सोबत गेले. चांथाला तिच्या घरून बोलावून घेतलं होतं. कशाला बोलावलंय हे न कळून ती दाराशी उभी. मॅनेजरने खुर्ची दाखवली, मामा अर्थातच बसले नाहीत.

"सर," मामा म्हणाले, "शी इज गुड. आय अ‍ॅम बॅड. आय अ‍ॅम नॉट टीचर. आय अ‍ॅम बस कंडक्टर. थर्टी वन इयर्स. इन माय बस एव्हरीबडी फाईट, सो आय टीच हर फाईट. शी इज नॉट लाईक दॅट. शी इज," आणि शब्द न सापडल्याने त्यांनी हात जोडून दाखवले.

मला मामांच्या कानांचे लाल झालेले शेंडे दिसत होते. तीन आठवडे एक माणूस गुरुजी होता, आणि आता त्याने स्वतःच्या हाताने ती पाटी उतरवली होती, तीही तिच्यासमोर.

मॅनेजरने वळून चांथाला ते सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. तिने ऐकलं. मग ती बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. मॅनेजरला हसू यायला लागलं.

"ती म्हणते, तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "शिक्षक माणसाच्या तोंडाकडे बघतो. हे आधी हाताकडे बघतात. तिकीटवालेच असं बघतात."

मामांनी स्वतःच्या डोळ्यांवर हात फिरवला, जणू ते डोळे काढून खिशात ठेवता आले असते.

मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे. आणखी एकदा. पण या वेळी प्रवासी तुम्ही व्हा."

मामांनी आयुष्यात बसचं तिकीट काढलं नव्हतं. पण एकतीस वर्षं ज्यांनी त्यांना छळलं त्या सगळ्यांना ते ओळखून होते, आणि त्या सकाळी ते सगळे एकेक करून त्यांच्या अंगात आले. आधी ते डोळे मिटून घोरायला लागले. चांथा समोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. तिने वाकून हळूच म्हटलं, "सर, टिकेट प्लीज," आणि थांबली. घोरणं वाढलं. ती थांबूनच राहिली. शेवटी मामांनी एक डोळा उघडला.

"माय फ्रेंड हॅज टिकेट. फ्रेंड इज बॅकसाइड."

"ओके. आय गो विथ यू. वी मीट फ्रेंड."

मामांनी फ्रेंडचा नाद सोडला. आता ते बहिरे झाले. मग त्यांना एक पाय लंगडा निघाला. ती प्रत्येक वेळी हात जोडायची, हसायची आणि एक इंचही सरकायची नाही. मला तेव्हा कळलं, की हे तिला आधीपासून येत होतं. घाटावर इतकी वर्षं ती हेच करत होती. फक्त शब्द नव्हते.

शेवटी मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हाफ टिकेट फॉर धिस गर्ल. शी इज इलेव्हन."

मी एकोणीस वर्षांची. चांथाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी शक्य तितकी बारीक व्हायचा प्रयत्न केला.

"ओके सर," ती अतिशय गोड आवाजात म्हणाली. "हाफ टिकेट. बट शी सिट ऑन युवर लॅप."

मॅनेजर टेबलावर हात आपटून हसला. मामांनी खिशातून खरे पैसे काढले आणि तिच्या हातात ठेवले. "फुल. टू फुल," ते म्हणाले. "हरलो गो बाय."

तिला एक महिन्याच्या बोलीवर ठेवलं. महिना झाल्यावर कायम केलं, हे आम्हाला मुंबईत आल्यावर सिस्टरच्या निरोपातून कळलं. पण ते नंतर.

रविवारी निरोपाचा कार्यक्रम झाला. चांथा स्तोत्र म्हणणार होती, पण ती कामावर होती. ग्लेन सरांनी त्यांच्या यादीत तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिलं, मग ते खोडलं. त्याच्या जागी काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मामा त्यानंतरही गावठाणात मला रोज दिसत. पुढे घर बिल्डरकडे गेलं तसे ते वसईला मुलीकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. मला ते मरोळमधले आठवायला हवेत, पण आठवतात ते त्या परतीच्या दिवशीचे.

आमची गाडी नदीपलीकडून सुटणार होती आणि बेटाची बोट पुढे त्या काठालाही लागायची, म्हणून आम्ही सगळे चांथाच्याच बोटीवर चढलो. बोट भरलेली. सायकली, टोपल्या, उन्हाने लाल झालेले पर्यटक. चांथाने कंपनीची निळी टोपी घातली होती. ती एका टोकापासून तिकिटं देत येत होती, कुणापाशी थांबून, कुणाकडे बघून हसून. ग्लेन सरांकडून पैसे घेतले. माझ्याकडून घेतले. मामा मध्यभागी लोखंडी खांबाला टेकून उभे होते आणि त्यांनी हातात नोट आधीच काढून धरली होती, दुमडून, देणाऱ्याने धरावी तशी.

आमच्याकडे एका बसचा माणूस दुसऱ्याच्या बसमध्ये चढला की कंडक्टर त्याच्याकडे तिकीट मागत नाही. मान हलवतो आणि पुढे जातो. हे कुठे लिहिलेलं नाही आणि चांथाला कुणी सांगितलंही नव्हतं. ती मामांपर्यंत आली. तिने आधी हाताकडे पाहिलं, नोटेकडे. हात जोडले नाहीत. नुसती मान हलवली, आणि त्यांना ओलांडून पलीकडच्या माणसाला म्हणाली, "टिकेट प्लीज, सर."

मामांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी नोट खिशात ठेवली, आणि तिला पुढे जायला जागा नव्हती म्हणून समोरच्या गोऱ्याची सायकल उचलून कडेला लावली.